आठवीत स्काउट-गाइडला जावं का? आधी महिने मोजा

जून उजाडला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: स्काउट-गाइडला नाव घातलं तर दहावीला गुण वाढतात का? वाढतात, पण ते वरच्या पुरस्कारांवर, आणि नियम शासन निर्णयानुसार बदलतात. त्या वर्षीचा नियम शाळेत विचारून घ्यावा.

त्याआधी हिशेब करा. प्रवेशासाठी किमान 3 महिने, मग सोपान म्हणजे पायऱ्या: प्रथम सोपानला 6, द्वितीयला 9, तृतीयला 9. झाले 27. राज्य पुरस्कार त्यापुढे, राष्ट्रपती पुरस्कार त्याच्याही पुढे. आठवीच्या जूनमध्ये आलेल्या मुलाचा तृतीय सोपान दहावीच्या सप्टेंबरपर्यंत जातो, तोही एकही चाचणी हुकली नाही तर. घाई करून दोन सोपान एकदम उरकता येत नाहीत. फक्त गुणांसाठी यायचं असेल तर पाचवी-सहावीतच यायला हवं.

तरीही तेराव्या-चौदाव्या वर्षी यावं असं आम्ही म्हणतो, ते संघासाठी. एका पथकात जास्तीत जास्त 32 मुलं, त्यांचे 6 ते 8 जणांचे संघ, आणि प्रत्येक संघाला एक संघनायक. हा संघनायक त्यांच्यातलाच मुलगा असतो. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हाही वीसेक मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकावर मुलांमधलाच एकजण नेमला होता. वर्गातल्या मॉनिटरचं काम नावं लिहिण्यापुरतं. संघनायकाला मात्र सात जणांचं जेवण, तंबू, औषधाची पेटी आणि भांडणं सांभाळावी लागतात. चौदाव्या वर्षी एवढी जबाबदारी दुसरीकडे कोणी देत नाही.

शिबिरातल्या खिचडीत हे लगेच दिसतं. आठ जणांना 750 ग्रॅम तांदूळ, 250 ग्रॅम मूगडाळ, अडीच ते तीन लिटर पाणी, पाव वाटी तेल. चूल तीन दगडांची, तोंड वाऱ्याकडे. भांड्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीबरोबर निघून जाते; नाहीतर पातेलं घासणारा दुसऱ्या दिवशी संघ सोडायच्या गोष्टी करतो. बिघडतं ते बहुधा जाळामुळे. मुलं सुरुवातीलाच मनगटाएवढी लाकडं कोंबतात. हवा जायला जागा राहत नाही, नुसता धूर होतो, आणि मग कोणीतरी रॉकेल शोधायला निघतो. आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग बोटाएवढ्या, आणि जाळ स्थिर झाला की मोठं लाकूड. सह्याद्रीतल्या पावसात जमिनीवरचं सरपण भिजलेलं असतं; झाडाला अडकून राहिलेल्या वाळक्या फांद्या आतून कोरड्या मिळतात. दोघं जाळाला, दोघं पाण्याला, दोघं चिरायला, एक भांड्यांना अशी वाटणी नायकाने आधी केली नसेल तर आठही जण चुलीभोवती उभे राहून सल्ले देतात. खिचडी करपली तर तीच खायची. इथे स्काउटमास्तरांनी हात घातला की शिबिराची सहल होते. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी घालतात.

गाठींचंही तसंच. पुस्तकातल्या चित्रावरून गाठ येत नाही, हाताला सवय लागते. रीफ नॉट ही दोन टोकं जोडायची गाठ: उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की ग्रॅनी ही कच्ची गाठ होते, आणि ती ताण आला की सरकते. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक टोक आपल्याच दोरीला लागून समांतर निघालं तर गाठ बरोबर, टोकं आडवी फाकली तर चूक. ही गाठ सपाट बसते, म्हणून दुखऱ्या हाताच्या झोळीच्या पट्टीला वापरतात. पण कमी-जास्त जाडीच्या दोन दोऱ्या जोडायला ती कुचकामी, तिथे शीट बेंड ही दुसरी गाठ हवी. दोन काठ्या काटकोनात बांधायच्या तर उभ्या काठीवर, आडवीच्या खाली क्लोव्ह हिच (काठीला दोर अडकवायची गाठ), मग तीन वेढे, मग दोन काठ्यांच्या मधून दोन आवळवेढे, आणि शेवट आडव्या काठीवर क्लोव्ह हिचने. मुलं वेढे पाच-सहा घेतात आणि आवळवेढे सैल सोडतात. सगळी पकड आवळवेढ्यांत असते. ते ढिले राहिले की भांड्यांची मांडणी सकाळपर्यंत कलंडते.

शाळेतलं पथक खरं आहे की फोटोपुरतं, हे तीन प्रश्नांत कळतं. आठवड्याची सभा कोणत्या वारी असते? संघांची नावं काय? मागच्या वर्षी मुक्कामी शिबिर झालं का? पहिल्याच प्रश्नाला गडबड झाली तर गणवेश फक्त पाहुण्यांच्या स्वागताला आणि 26 जानेवारीला बाहेर निघतो असं समजा. ‘खरी कमाई’चं, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमाचं, विचारूनही पाहा. भेळेच्या गाडीवर मुलांनी स्वतः कांदा चिरला की घरून डबे भरून आले, त्यावरून पथक कळतं.

शाळेत पथकच नसेल तर स्काउट-गाइडच्या जिल्हा कार्यालयात मुक्त पथकाची, म्हणजे शाळेशी न जोडलेल्या पथकाची, चौकशी करा. रेल्वे वसाहतींतही पथकं असतात. नवीन पथक काढायला एका शिक्षकाने 7 दिवसांचा बेसिक कोर्स करावा लागतो. शाळा बहुतेक वेळा इथेच अडते, कारण तेवढी रजा कोणी घ्यायची हा प्रश्न निघतो. मुलींसाठी गाइड पथक वेगळं, त्याला गाइड कॅप्टन लागते. पुण्यात ‘संगम’ आहे, गाइडांच्या जगातल्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, 1966 पासूनचं. विदर्भातल्या पथकांना पचमढीचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र त्या मानाने जवळ.

दहावीनंतर रोव्हर (मुलं) किंवा रेंजर (मुली) म्हणून पंचविशीपर्यंत राहता येतं. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते हे खरं, पण जागा मोजक्या. राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता, सलग काही वर्षांची सभासदनोंद आणि वरच्या पातळीवरच्या मेळाव्यांची प्रमाणपत्रं मागतात. म्हणून लॉगबुक, म्हणजे आपल्या कामाची नोंदवही, पहिल्या दिवसापासून लिहा आणि दर वर्षीच्या नोंदणीचा पुरावा जपून ठेवा. मधलं एक वर्ष नोंदणी राहून गेली की पुढे ती भरून काढता येत नाही.

पहिल्या सभेला गणवेश नसला तरी चालतो, दोरी मात्र न्या. 3 मीटर, सुती, करंगळीपेक्षा थोडी बारीक. नायलॉनची नको, गुळगुळीत असल्यामुळे शिकणाऱ्याची गाठ तिच्यावर टिकत नाही. दोन्ही टोकं दोऱ्याने घट्ट गुंडाळून घ्या, नाहीतर महिन्याभरात चार बोटं दोरी उसवते.