काश्मीर ग्रेट लेक्स: सह्याद्रीत चालतं ते इथे नडतं

"राजगड-तोरणा एका दिवसात केलाय, आम्हाला काय होतंय?" काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकसाठी सोनमर्गला जीपमधून उतरताना हे मीही म्हटलं होतं. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर आहे. सोनमर्गला तुम्ही एक पाऊलही न चालता त्याच्या हजार मीटर वर असता, आणि चालायच्या दुसऱ्याच दिवशी निचनईची खिंड 4,000 मीटरच्या पुढे नेते. तिथे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के. दमसास कितीही असो, शरीराला सवय व्हायला वेळ लागतोच.

म्हणून पहिली चूक: ऑफिसची रजा वाचवायला विशनसर तलावाकाठचा जादा मुक्काम गाळणं. पुढचीच गडसरची खिंड सुमारे 4,200 मीटर, सगळ्या वाटेवरची सर्वांत उंच.

दुसरी चूक त्याहून वाईट, आणि ती ग्रुपमध्येच होते. उंचीचा त्रास होतोय, डोकं दुखतंय हे कोणी सांगत नाही. विशनसरच्या काठी जेवणाच्या तंबूत आमची एक मैत्रीण राजमा-भातावर नुसता चमचा फिरवत होती. "दुपारी जास्त खाल्लं गं," म्हणाली. दुपारी तिने अर्धं बिस्किट खाल्लं होतं, ते मी पाहिलं होतं, तरी गप्प बसले. रात्री दोनला ती उलटीसाठी बाहेर धावली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो म्हणून निभावलं. तेव्हापासून आमचा नियम आहे: रोज संध्याकाळी प्रत्येकाला "डोकं कसंय?" नाही, तर "किती जेवलीस? लघवीला किती वेळा गेलीस?" असं विचारायचं. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर वर चढायचं नाही. त्रास वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवायचं, सोबत माणूस देऊन. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, हे घरून निघण्याआधी डॉक्टरला विचारा; तंबूत शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका.

पुढे पळणाऱ्यांचं काय करायचं? प्रत्येक ग्रुपमध्ये दोन-तीन असतातच. ते खिंडीत तासभर आधी पोचतात, वाऱ्यात गारठतात, आणि शेवटचा माणूस धापा टाकत वर आला की लगेच "चला" म्हणतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे घाला. पळणारे कुरकुरतील. कुरकुरू देत.

कपड्यांचं थोडक्यात. सह्याद्रीत भिजणं हीच मजा असते, खाली गावात पिठलं-भाकरी वाट पाहत असते. इथे भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर वाळत नाही, अंगातली ऊब काढून घेतो. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपायला ठेवा. सकाळी कितीही मोह झाला तरी तो घालून चालायचं नाही, ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. किळसवाणं आहे, पण उपाय नाही.

ओढे सकाळी ओलांडा; दुपारी उन्हाने बर्फ वितळून पाणी चढतं. पाण्यात शिरण्याआधी सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येते. अनवाणी जाऊ नका, सँडल घाला.

वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र बघतात, म्हणून ते सॅकच्या तळाशी कोंबू नका. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरच्यांना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिकडे ते हवालदिल होतात.

शेवटी गंगाबल आणि नंदकोल तलावांच्या काठी हरमुख पर्वताकडे बघत बसलं की ट्रेक संपला असं वाटतं. संपलेला नसतो. खाली नारानाग गावापर्यंत हजार मीटरहून जास्त सरळ उतार आहे. आदल्या रात्री पायाची नखं कापा आणि उतरताना बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, म्हणजे पाऊल पुढे सरकणार नाही. मी आळस केला. दोन्ही अंगठ्यांची नखं दिवाळीपर्यंत काळी होती.