आकडा सांगा आणि गप्प बसा

इंदूरला रामबागेत आमच्या घरी रविवारी जी मुलं जमतात, त्यांतल्या काहींना अभिनय करायचा असतो आणि काहींना वडिलांच्या दुकानावर बसायचं असतं. मी स्वतः दिवसा एम. टी. क्लॉथ मार्केटातल्या एका होलसेल पेढीवर रोकड आणि उधारी-वसुली बघते, संध्याकाळी मराठी नाटकांत कामं करते. त्यामुळे दोघांनाही मी एकच तालीम देते. इथे ती लिहून काढते आहे, म्हणजे दर रविवारी पहिल्यापासून सांगायला नको.

सुरुवात आवाजापासून. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं मोठ्याने वाचा. वर्तमानपत्राचा अग्रलेख उत्तम, कारण त्यातली वाक्यं लांबलचक असतात आणि श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. इंदूरच्या मराठी मुलांनी एक गोष्ट जास्तीची करायची. हिंदीच्या सहवासात आपल्या ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘चोर’मधला च ‘चिमणी’तल्या चसारखा ऐकू येतो. ‘चिंच’ म्हणून बघा. पहिला च टाळूला, दुसरा दातांपाशी. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ तसाच तपासा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण ऐका दुसऱ्या दिवशी. लगेच ऐकलं की आपण स्वतःला फार पटकन पास करतो.

घरात ‘मी येतोय’ऐवजी ‘मी येऊन राहिलोय’ म्हणत असाल तर ते मोडून टाकू नका. उद्या एखाद्या भूमिकेला तेच लागेल. फक्त पुण्या-मुंबईच्या दिग्दर्शकासमोर दुसरी मराठीही तयार हवी. दुकानातही हेच आहे. खेड्यातून आलेलं गिऱ्हाईक माळवी बोलतं, कॉलेजची मुलगी हिंदी, लोकमान्य नगरातल्या काकू मराठी. तिघांना एकाच सुरात भाव सांगणारा विक्रेता अर्धाच तयार झालेला असतो.

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेश-नेपथ्याचा आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. दुकानवाल्या मुलांना ही यादी ऐकून जांभया येतात, म्हणून त्यांना मी आहार्यापासून शिकवते. गादीवरची चादर किती पांढरी आहे, साडी उलगडताना दिवा कुठल्या बाजूने पडतो, तुमच्या शर्टाला इस्त्री आहे का. हा सगळा वेश आणि नेपथ्यच झाला. सात्त्विक मात्र कोणी चार रविवारांत शिकवू शकत नाही, आणि शिकवतो म्हणणाऱ्याकडे फी भरू नका.

आता निरीक्षण. शनिवारी रात्री सराफ्यात जा, आणि निदान पहिला तास काही खाऊ नका. दागिन्यांची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. तिथे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, ते इंदुरात कोणी बघितलं नसेल असं नाही. पण तुम्ही द्रोणाकडे बघू नका, उडवणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघा. द्रोण उडवण्याआधी तो कोणाकडे बघतो? गर्दी कमी असताना काय करतो? नंतर घरी येऊन ते नुसतं सांगू नका, करून दाखवा. सोमवारी हाच अभ्यास कापडाच्या दुकानात. गिऱ्हाईक बोटांनी पोत चाचपतं, किनार उलटून बघतं, तेवढा वेळ मुरलेला सेल्समन एक अक्षर बोलत नाही. नवखा त्याच क्षणी ‘रंग पक्का है मैडम’ सुरू करतो आणि बाई चादरीवरून उठतात.

यातूनच माझ्या तालमीचा मुख्य भाग निघतो, तो म्हणजे मानधन मागणं. आपल्याकडे मुलं स्वगत न अडखळता म्हणतात, आणि ‘किती घेणार?’ विचारलं की गळा बसतो. यासाठी जोड्या करा. एक जण साडीच्या दुकानाचा मालक, त्याला जाहिरातीचा व्हिडिओ करायचा आहे. दुसरा कलाकार. बसण्याआधी कलाकाराने कागदावर तीन आकडे लिहायचे: तोंडाने मागायचा, ज्याला राजी व्हायचं तो, आणि ज्याच्या खाली नमस्कार करून उठायचं तो. मग संवाद.

‘बोला, एका दिवसाचं काय घ्याल?’

‘आठ हजार.’

इथे थांबायचं. बहुतेक जण थांबत नाहीत. ‘म्हणजे... कमी-जास्त होईल, दादा’ असं आपणच जोडतो. समोरच्याने हूं की चूं केलेलं नसतं आणि आपण दोन हजारांनी खाली उतरलेलो असतो. त्या शांततेत मनात आकडे मोजू नका, ते चेहऱ्यावर दिसतं. मालकाचा चेहरा वाचा. तो खरंच हिशेब करतो आहे, की तुमचा धीर बघतो आहे? रंगमंचावरचा विरामही असाच भरतो. समोरच्या पात्राला ऐकत राहिलात तर प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो, नुसते थांबलात तर नट वाक्य विसरला असं वाटतं.

मालक म्हणेल, ‘पाच देतो.’ उत्तर तयार ठेवा: ‘पाचमध्ये अर्धा दिवस होईल, आणि व्हिडिओ सहा महिने वापरता येईल.’ पैसे कमी झाले तर कामही कमी झालं पाहिजे. दुकानवाल्यांनो, तुमच्यासाठीही हेच: भाव उतरवला तर उधारीची मुदतही उतरवा. फुकट सूट दिली की पुढच्या खेपेला गिऱ्हाईक तिथूनच मोजायला लागतं. भूमिका बदलून पुन्हा करा. मालक होऊन बघितल्याशिवाय कलाकाराला कळत नाही की समोरचाही घाबरलेला असतो.

ठरलेलं त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: तारीख, तास, रक्कम, आगाऊ किती, प्रवास-मुक्काम कोणाकडे, व्हिडिओ कुठे आणि किती महिने चालणार. तोंडी करारही कायद्यात बसतो, पण सिद्ध करताना नाकी नऊ येतात. मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, गेला तर पॅन बरोबर दिला आहे ना आणि ती रक्कम इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या नावावर जमा दिसते ना, हे बघा. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. मानधनाचं बँक खातं वेगळं ठेवा. छोटा धंदा काढलात तर उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

ऑडिशन बहुतेक वेळा मोबाइलवर रेकॉर्ड करूनच मागवतात. मागे साधी भिंत, खिडकी तुमच्या समोर, पंखा बंद. मोबाइल सहसा आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर. उभा मागितला असेल तर उभा. आधी नाव, शहर, उंची, भाषा, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू. समोरचे संवाद वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी उभं करा आणि हळू वाचायला सांगा, नाहीतर व्हिडिओत त्याचाच आवाज गाजतो.

पुढे शिकायचं असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. भोपाळचं मध्य प्रदेश नाट्य विद्यालय २०११ मध्ये सुरू झालं आणि आपल्याला जवळ आहे. दिल्लीला प्रवेशासाठी पदवीबरोबर नाटकांत काम केल्याचा अनुभव बघतात, म्हणून कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या नाटकाचंही पत्रक, फोटो, प्रमाणपत्र फाइलला लावत जा. इथल्या ‘सानंद’ या मराठी संस्थेचे नाटकांचे प्रयोग बघायला जाल तेव्हा वेळेआधी पोचा, आणि परवानगी मिळाली तर सेट कसा लागतो ते बघा. व्यवस्थापन मला तिथे जितकं दिसलं तितकं कुठल्याच वर्गात दिसलं नाही. ट्रक उशिरा आलेला असतो, माणसं मोजकी असतात आणि तिसरी घंटा काही पुढे ढकलता येत नाही.

ऑडिशनसाठी कोणी रजिस्ट्रेशनचे, पोर्टफोलिओचे किंवा ‘कार्ड’चे पैसे मागितले तर तो विषय तिथेच संपवा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. ऑडिशन पाठवल्यावर आठवडाभराने एकच निरोप टाका: ‘नमस्कार, अमुक भूमिकेसाठी व्हिडिओ पाठवला होता. या तारखांना मी मोकळी आहे.’ उत्तर आलं नाही तर दुसरा निरोप नको. वसुलीत मात्र उलटं करा. बिल थकलं की दर सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या वेळेला, हसून फोन.