कपाचे ग्रॅम करताना या चुका टाळा

केक दगडासारखा झाला की आपण आधी ओव्हनला शिव्या घालतो, मग रेसिपी देणाऱ्याला. माझा लागोपाठ दोनदा झाला, तिसऱ्यांदा वैतागून वजनकाटा काढला आणि तोच कप, तीच मैद्याची पिशवी घेऊन तीनदा मोजलं. चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केला तर १२२ ग्रॅम, कप सरळ पिशवीत खुपसून काढला तर १४५, आणि भरता भरता ओट्यावर दोनदा आपटला तर १५८! रेसिपीत तीन कप मैदा होता आणि मी आपटणाऱ्यांपैकी, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर मैदा जास्त पडत होता, आता यात ओव्हन बिचारा काय करणार.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कप २५० मिलीचा आहे ना, मग २५० ग्रॅम घ्या. अहो, मिली म्हणजे जागा किती व्यापली ते, वजन नाही. हे गणित पाण्याला जमतं, दुधालाही जवळपास जमतं, बाकी बहुतेक जिन्नसांना नाही. साधारण २४० मिलीच्या कपात मैदा १२०-१२५ ग्रॅम, साखर २००, पिठीसाखर १२०च्या आसपास, तेल २२०, बटर २२७ आणि मध तब्बल ३४०. त्यामुळे सगळ्याला एकच आकडा लावायचा नाही, प्रत्येक जिन्नसाचा वेगळा.

आणि कप कुठला तेही बघा. अमेरिकन रेसिपीतला साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियन २५०चा, जपानी २००चा. ऑस्ट्रेलियात तर टेबलस्पूनही २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५. घरातला चहाचा कप यात कुठेच बसत नाही, तो सोडा.

औंसात पण लोक फसतात, कारण द्रवाचा औंस माप आहे आणि साधा औंस वजन, नाव मात्र एकच. आठ द्रव औंस मध काट्यावर ठेवला तर बारा औंस भरतो.

"एक कप चाळलेला मैदा" आणि "एक कप मैदा, चाळून" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत बरं का. पहिल्यात आधी चाळायचं मग मोजायचं, दुसऱ्यात उलट, आणि चाळलेला मैदा हवा भरून फुगलेला असल्यामुळे कपात कमी मावतो.

मिठाचं तर विचारूच नका. बारीक मीठ एक टीस्पून म्हणजे ६ ग्रॅम, पण जाड पोकळ दाण्याचं असेल तर तेवढ्याच चमच्यात ३ ग्रॅमही बसतं, म्हणजे चमचा बघून मीठ बदललंत तर पदार्थ खारट नाहीतर अळणी. इथे ग्रॅमच वापरा. बेकिंग पावडर, यीस्टचं मात्र उलट, एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा दोन-तीन ग्रॅमला नीट दाद देत नाही, चिमूट चिमूट टाकत गेलात तर कधी कधी आकडा हलतच नाही, तिथे मापाचा चमचा बरा.

पीठ आधीच घट्ट झालं असेल तर चमचा चमचा दूध घालत सैल करा, एकदम ओतू नका. आणि कपाने छान जमलेली तुमची जुनी रेसिपी असेल तर नेटवरच्या तक्त्याने बदलू नका, पुढच्या वेळी नेहमीसारखाच कप भरा, काट्यावर ओता आणि जो आकडा येईल तो लगेच लिहून ठेवा, कारण आपण चाळणी शोधेपर्यंत काटा आपोआप बंद होतो आणि परत चालू केला की भांड्यासकट शून्य दाखवतो.