मशीन बदलायच्या आधी मोल्ड बघा: कानाचं माप देताना आणि मोल्ड वापरताना या चुका टाळा

"मशीन शिट्टी मारतंय की ओ मॅडम, खराबच दिलंय" असं म्हणत कोणी आलं की मी ऐकायच्या मशीनला हात लावायच्या आधी कानातला मोल्ड, म्हणजे कानाच्या मापानं बनवलेला आत बसणारा साचा, बघते, कारण बहुतेक वेळा गडबड तिथंच असते. मशीन घेताना लोक चॅनल किती, चार्जिंगचं आहे का, मोबाईलला जोडता येतं का हे सगळं विचारतात, घासाघीस करतात, आणि मोल्डचं काय तर "तो देतीलच की सोबत". पण कानामागच्या मशीनमधून निघालेला आवाज पडद्यापर्यंत नेतो तो मोल्डच, तो नीट बसला नाही तर कितीही महागडं मशीन असू दे, चार दिवसात कपाटात जाऊन पडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मशीन वापरणाऱ्यांसाठी, घरच्यांसाठी, आणि जी पोरं-पोरी नव्यानं इम्प्रेशन, म्हणजे कानाचं माप, घ्यायला शिकतायत त्यांच्यासाठी पण.

इम्प्रेशन घेतानाच्या चुका

कानात न बघताच माप घ्यायला बसणं ही सगळ्यात मोठी चूक. ऑटोस्कोपनी, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या दुर्बिणीनं, दोन्ही कान आधी बघायचेच, मळ आहे का, पू येतोय का, पडद्याला भोक आहे का, आधी कधी ऑपरेशन झालंय का. आपल्याकडे कानात कोमट तेल सोडायची सवय घराघरात आहे, बाळाला आंघोळीच्या आधी, म्हाताऱ्या माणसांना ठणका लागला की, आणि मग तेल, मळ आणि आपल्या गावची धूळ मिळून आत काळा थर बसतो. त्यावरून इम्प्रेशन घेतलं तर माप मळाचं येतं, कानाचं येत नाही, पुढं कधी मळ काढला की तोच मोल्ड सैल. त्यामुळं आधी ईएनटी डॉक्टरांकडून कान साफ, मग माप. पडद्याला भोक असेल किंवा मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन होऊन आत पोकळी असेल तर मापासाठी कानात भरायचं पातळ मटेरियल आत घुसून तिथंच घट्ट होऊ शकतं आणि ते काढायला कधी कधी ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं, हे घाबरवायला सांगत नाहीये, पण अशा कानाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी हात लावू नये. शुगर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते पण आधीच सांगा, कानातली कातडी नाजूक असते.

मग येतो तो दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा, ऑटोब्लॉक. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २.५ सेंटीमीटर लांब असते आणि ती सरळ नसते, तिला दोन वळणं असतात, बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला हाडाचा. बोळा दुसऱ्या वळणाच्या पलीकडं जायला पाहिजे. तिथं हाडावरची कातडी फार पातळ असते म्हणून टोचतं, आणि काही जणांना एकदम खोकला येतो कारण व्हेगस नावाच्या नर्व्हची एक फांदी कानाच्या नळीत येते. खोकला आला की शिकाऊ मुलं घाबरतात आणि बोळा अलीकडंच सोडतात. मग इम्प्रेशन आखूड, मोल्ड आखूड आणि आयुष्यभर शिट्टी. थांबायचं, पेशंटला सांगायचं की हे होतं, कान मोठ्या माणसाचा वर आणि मागं ओढायचा, लहान बाळाचा खाली आणि मागं, आणि परत सावकाश बसवायचा.

मटेरियलच्या दोन्ही पेस्ट सारख्या घ्यायच्या आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळायच्या, रेघा दिसत असतील तर तेवढा भाग कच्चा राहतो. इथं दोन गोष्टी सांगते ज्या बऱ्याच जणांना माहीतच नसतात. एक, लेटेक्सचे ग्लोव्हज घालून हे सिलिकॉन मळू नका, लेटेक्समधल्या गंधकामुळं ते नीट सेटच होत नाही, नायट्राइलचे वापरा. दुसरं, गरमीत सिलिकॉन लवकर घट्ट होतं. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, पंख्याखाली बसून निवांत मळत राहिलात तर सिरिंजमध्ये भरेपर्यंत ते आळायला लागतं आणि कानात नळीच्या कोपऱ्यात पोचतच नाही. डबे थंड जागी ठेवा आणि हात चालवा. भरताना सिरिंजचं टोक मटेरियलमध्ये बुडलेलंच पाहिजे, मध्येच बाहेर काढलं की हवेचा बुडबुडा राहिलाच.

आता तोंडाचं. माप घेताना पेशंटला "गप्प बसा, तोंड मिटा" सांगतात आणि तसंच माप घेतात. पण जबडा हलला की कानाच्या नळीचा बाहेरचा भाग पण हलतो, रुंद होतो. कानाच्या भोकावर बोट ठेवून तोंड उघडझाप करून बघा, लगेच कळेल. आता आपल्या भागातला माणूस, ताटात कडक भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी, चावायला जबड्याचा पूर्ण जोर लागतो, आणि जेवायला बसला की मशीन कुईई करतं. घरचे म्हणतात मशीनला जेवण आवडत नाही वाटतं. अहो, माप तोंड मिटून घेतलेलं असतं! ज्यांना जास्त पॉवरचं मशीन लागतं त्यांचं माप दातात छोटा ठोकळा धरायला देऊन, तोंड उघडं ठेवून घ्यायचं, म्हणजे चावताना पण मोल्ड सील सोडत नाही. आणि घ्यायच्या आधी जबडा हलवल्यावर नळी किती बदलते ते डोळ्यांनी बघून ठेवायचं.

पाच-सात मिनिटांनी इम्प्रेशन बाहेर काढलं की लगेच डबीत टाकू नका, उजेडात धरा. टोकाला दुसरं वळण दिसतंय का, कानाच्या वाटीचा भाग पूर्ण भरलाय का, वरच्या कडेला हेलिक्सचा, म्हणजे कानाच्या वरच्या घडीत बसणारा, आकडा आलाय का, कुठं खड्डा, घडी, बुडबुडा आहे का. एवढ्याशा खड्ड्यानं काय होतंय, लॅबवाले भरून घेतील, असं म्हणणारे मी बघितलेत. लॅबवाल्याला तुमचा कान दिसत नसतो हो, तो अंदाजानं भरतो आणि त्या अंदाजाची जागा कानात टोचते नाहीतर सैल राहते. परत घ्या. आणि काढल्यावर कानात एकदा परत ऑटोस्कोप लावून बघा की बोळ्याचा तुकडा मागं राहिला नाही.

सगळ्यांना एकच मोल्ड, ही सोलापुरातली खास चूक

१८७७ ला जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून हे गाव मागाच्या आवाजात जगतंय, मिली गेल्या तरी पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूम आहेतच, चादर टॉवेल विणत उभं आयुष्य काढलेली माणसं आहेत. सततच्या मोठ्या आवाजानं जो कान जातो तो विशिष्ट पद्धतीनं जातो, आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे बारीक आवाज जातात आणि जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत राहतात. हे लोक म्हणतात "ऐकू येतंय की, पण काय बोलतायत ते कळत नाही". अशा माणसाला पूर्ण वाटी भरणारा, भोक नसलेला बंद मोल्ड दिला की त्याचा स्वतःचाच आवाज कानात कोंडतो, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं, पाणी प्यायला तरी धडधड. दोन दिवसात ते मशीन काढून ठेवतात आणि सांगतात की मशीननं त्रास होतो. त्यांना मशीनचा नाही, बंद कानाचा त्रास होतोय.

इलाज म्हणजे व्हेंट, मोल्डमधून आरपार जाणारं हवेचं भोक. एक मिलिमीटरच्या आसपासच्या व्हेंटनं फक्त दाब कमी वाटतो, आवाज घुमणं खरंच कमी करायचं तर तीनेक मिलिमीटर लागतं. जाड आवाज ३०-४० डेसिबलच्या आत ऐकू येत असतील तर बऱ्याचदा मोल्डऐवजी उघडा डोमच, म्हणजे भोकं असलेली मऊ रबरी टोपी, बरा. पण उलट बाजूनं पण चूक होते. मूल जन्मापासून जवळजवळ काहीच ऐकत नाही, पॉवरफुल मशीन आहे, आणि कोणीतरी "हवा लागू दे" म्हणून मोठं व्हेंट पाडून देतं, तिथं शिट्टीशिवाय दुसरं काही ऐकू येणार नाही. मोल्ड कसला हे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघून ठरतं. मोल्डची ऑर्डर लिहिताना कोणी तुमचा ऑडिओग्राम समोर ठेवला नसेल तर मागून घ्या, विचारा व्हेंट किती ठेवताय आणि का. तुमचा हक्क आहे तो.

आणि पॉवरलूमवाल्यांनो, मशीन चालू ठेवून मागावर उभं राहू नका. मशीन बंद करून मोल्ड कानात ठेवला म्हणजे इअरप्लग झाला असं पण नाही, व्हेंटमधून आवाज आत येतोच. त्याच पद्धतीनं माप घेऊन भोक नसलेला सिलिकॉनचा प्लग वेगळा बनवून मिळतो, तो कामावर घाला.

मटेरियलचं थोडक्यात सांगते. लहान मुलांना आणि जास्त पॉवरला मऊ सिलिकॉन, पडलं-आपटलं तरी इजा होत नाही आणि सील चांगलं. बोटं कापतात, सांधे धरलेत अशा आजी-आजोबांना ॲक्रिलिकचा कडक मोल्ड सोपा पडतो, सरकन बसतो, आणि कुठं टोचलं तर घासून पॉलिश करता येतो. सिलिकॉन तसं घासता येत नाही. मऊ म्हणजे सगळ्यांना चांगलं हा गैरसमज आहे.

शिट्टी कुठनं येते ते घरी कसं शोधायचं

आधी आरशात बघा, मोल्ड पूर्ण बसलाय का. सगळ्यात जास्त वेळा वरचा आकडा कानाच्या घडीच्या बाहेर राहिलेला असतो, बोटानं तो आत सरकवला की शिट्टी बंद. डावा-उजवा बदललाय का ते बघा, लाल खूण उजवा, निळी डावा. पदर, स्कार्फ, हेल्मेट, उशी, यांनी झाकलं तरी वाजतं, ते मशीनचा दोष नाही.

तरी वाजतंय? मोल्ड कानातून काढा, मशीन चालू ठेवा, आवाज रोजचाच ठेवा, आणि आत जाणारं भोक आणि व्हेंटचं भोक दोन्ही बोटांनी घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर मशीन, ट्यूब (मशीन आणि मोल्ड जोडणारी नळी) सगळं ठीक आहे, गळती कान आणि मोल्डच्या मधून होतेय, म्हणजे मोल्ड सैल झालाय किंवा कानात मळ साठलाय, मळावर आपटून पण आवाज परत येतो. दाबून पण वाजत राहिली तर मोल्ड ट्यूबसकट हुकवरनं, म्हणजे मशीनच्या वरच्या वाकड्या टोकावरनं, काढा आणि हुकचं टोक बोटानं दाबा. आता थांबली तर ट्यूब चिरलीय किंवा मोल्डच्या जोडावर सुटलीय. अजून पण वाजतेय तर हुक नाहीतर मशीन, तेव्हा खुशाल दुरुस्तीला न्या. एवढं करून आलात तर तुमचा हेलपाटा वाचतो आणि नवीन मशीन गळ्यात पडायचं पण वाचतं.

आवाज एकदम बंद झाला असेल तर मोल्डचं भोक उजेडात बघा, मळ किंवा ट्यूबमध्ये घामाचा थेंब दिसेल. ट्यूब पिवळी, कडक झाली की बदला, आपल्याकडच्या घाम-उन्हात तीन ते सहा महिन्यात बदलावीच लागते. नेहमीची १३ नंबरची ट्यूब आतून जेमतेम १.९३ मिलिमीटर असते, तेवढ्याशा जागेत एक थेंब पुरतो. नवीन ट्यूब आखूड कापली तर मोल्ड कानातून उपसला जातो, लांब ठेवली तर मशीन कानामागून लोंबतं, म्हणून कानावर धरून मापूनच कापून घ्या.

धुताना मोल्ड मशीनपासून वेगळा करा, कोमट पाणी आणि साधा साबण, मग रबरी ब्लोअरनं ट्यूबमधलं पाणी उडवा, रात्रभर वाळू द्या. स्पिरिट, सॅनिटायझर, उकळतं पाणी, हेअर ड्रायर, गाडीच्या डॅशबोर्डवरचं ऊन, यातलं काही नको. बसायला जड जातो म्हणून खोबरेल पण नको.

टोचत असेल तर ब्लेड किंवा पॉलिश पेपर घेऊन घरी घासायला बसू नका. लाल झालेल्या जागेचा मोबाईलवर फोटो काढा आणि मोल्डसकट या, कुठं घासायचं ते त्या लाल डागावरनंच कळतं. खाज येत असेल, पाणी येत असेल, वास येत असेल तर मोल्ड काढून ठेवा आणि ईएनटीला दाखवा, बुरशी असू शकते, त्यावर मोल्ड घालून दाबून ठेवलं की वाढतेच.

लहान मुलांचं

बाळाचा कान वाढत असतो. पहिल्या वर्षात तर महिना-दोन महिन्यात मोल्ड सैल होऊ शकतो, नंतर शाळेत जाईपर्यंत तीन ते सहा महिन्यांनी, पुढं साधारण वर्षाला एकदा नवीन माप. पालकांना हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, मग "आत्ताच तर केला" म्हणून जुनाच ओढत राहतात. नवीन मोल्ड यायला दिवस लागतात, त्यामुळं शिट्टी सुरू झाली की त्याच आठवड्यात माप द्या, आणि तोवर जुना फेकू नका.

आणि शिट्टी बंद करायला मशीनचा आवाज कमी करायचा, ही मला सगळ्यात जास्त लागणारी चूक आहे. वर्गात शिट्टी वाजते, मुलं बघतात, बाई आवाज कमी करतात, घरी आई कमी करते, सगळीकडं शांत, आणि त्या पोराला स, श, फ ऐकूच येत नाहीत, बोलणं शिकायच्या वयात. शाळेतल्या बाईंना वहीत लिहून द्या की शिट्टी वाजली तर मोल्ड बोटानं आत दाबून बसवा, तरी वाजली तर आम्हाला फोन करा, पण आवाजाच्या बटणाला हात लावू नका.