टोमॅटोच्या पानावरचा रोग ओळखणारं, नेटशिवाय चालणारं ॲप

मोफत डेटासेट (नावं लावलेल्या फोटोंचा संच) घ्यायचा, तयार मॉडेलला (फोटो ओळखायला आधीच शिकलेल्या प्रोग्रॅमला) थोडं शिकवायचं, की ९९ टक्के अचूकता दाखवणारा नमुना उभा राहतो. शेतात नेला की तोच नमुना बावचळतो. कारण मॉडेलमध्ये नसतं, फोटोंमध्ये असतं. म्हणून या कामातला निम्म्याहून जास्त वेळ कोडला नाही, फोटोंना द्यायचा असं आधीच ठरवून टाका.

प्लांटव्हिलेज हा या विषयातला सर्वांत जास्त वापरला गेलेला डेटासेट: ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी त्यावर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. पण दुसरीकडून घेतलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास आली, हेही त्यांनी त्याच लेखात स्वच्छ लिहिलं आहे. यातली पानं तोडून एकरंगी कागदावर ठेवलेली आहेत. २०२२ मध्ये नोयान यांनी पान वगळून फक्त पार्श्वभूमीचे ८ पिक्सेल मॉडेलला दिले, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. पीक आणि रोगाच्या जोड्यांच्या ३८ वर्गांत नुसता अंदाज लावला असता तर २.६ टक्के आली असती. थोडक्यात, मॉडेल बरंचसं कागद आणि उजेड पाठ करत होतं. हा डेटासेट सरावाला वापरा, परीक्षेला नको. शिवाय आपल्याकडे हमखास दिसणारी नागअळी (पानात नागमोडी रेषा पाडणारी अळी) त्याच्या टोमॅटोच्या वर्गांत नाहीच.

फोटो गोळा करणं

सुरुवातीला पाच-सहा वर्ग पुरेत: लवकर येणारा करपा, उशिरा येणारा करपा, पर्णगुच्छ (पानं आकसून वळणं), नागअळी, निरोगी पान आणि ‘यातलं काही नाही’. शेवटच्या वर्गात माती, हात, गवत, ठिबकची नळी, दुसऱ्या पिकाची पानं, खताच्या कमतरतेने पिवळी पडलेली पानं असं सगळं टाका. प्रत्येक वर्गाचे ३००-४०० फोटो हवेत आणि ते किमान आठ-दहा वेगवेगळ्या प्लॉटमधले हवेत. एकाच प्लॉटचे हजार फोटो त्यापुढे फिके.

पान झाडावर असतानाच, १५ ते २५ सेंटिमीटरवरून, चौकटीचा दोन-तृतीयांश भाग व्यापेल असं टिपा. वरची आणि खालची, दोन्ही बाजू घ्या. लवकरच्या करप्यात जुन्या, खालच्या पानांवर तपकिरी डागांत एकात एक वर्तुळं दिसतात. उशिराच्या करप्यात डाग आधी पाणी शोषल्यासारखे असतात, मग काळपट होतात, आणि दमट हवेत सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते. दुपारी ती बुरशी सापडत नाही, त्यामुळे सगळे फोटो दुपारचे असतील तर महत्त्वाची खूणच मॉडेलला कधी दिसणार नाही. स्वस्तातले दोन-तीन फोनही वापरा, कारण शेतकऱ्याच्या हातात तेच असणार आहेत.

व्हॉट्सॲपवरून मागवलेल्या फोटोंपासून सावध राहा. ते दाबून लहान केलेले असतात. एका रोगाचे फोटो व्हॉट्सॲपवरून आणि दुसऱ्याचे थेट कॅमेऱ्यातून आले, तर मॉडेल रोगाऐवजी फोटोचा दर्जा ओळखायला शिकतं आणि चाचणीत मात्र उत्तम गुण मिळवतं. मागवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

नावं लावायचं काम दोघांनी वेगवेगळं करावं. जिथे दोघांचं जुळत नाही ते फोटो वनस्पती रोगशास्त्राच्या जाणकाराकडे पाठवा, त्यालाही ठरवता आलं नाही तर वगळा.

आता सर्वांत जास्त चुकणारी पायरी. शिकवायचे आणि चाचणीचे फोटो वेगळे करताना फोटोनिहाय नाही, प्लॉटनिहाय वाटणी करा. एकाच पानाचे पाच फोटो असतात. त्यातले चार शिकवायला आणि एक चाचणीला गेला की पेपर आधीच फुटला. दोन प्लॉट पूर्ण बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत त्यांना हात लावू नका.

मॉडेल

मोबाइलनेट व्ही२ हे फोनसाठी बनवलेलं छोटं तयार मॉडेल घ्या. वरचा थर काढला की त्यात साधारण २२.६ लाख पॅरामीटर (शिकताना बदलणारे आकडे) उरतात, आणि २२४ × २२४ पिक्सेलचा इनपुट पुरतो. व्ही३ नवं आहे, पण आठ बिटांत आणताना (आतले आकडे लहान करून फाइल हलकी करताना) व्ही२ कमी त्रास देतं. त्यावर सरासरी पूलिंग (आकड्यांची सरासरी काढणारा थर), ०.२ ड्रॉपआउट (शिकताना २० टक्के आकडे वगळणं) आणि वर्गांइतका शेवटचा थर लावा. आधी मूळ मॉडेल गोठवून ०.००१ या लर्निंग रेटने (शिकण्याच्या वेगाने) दहाएक फेऱ्या, मग शेवटचे ३०-४० थर मोकळे करून ०.००००१ ने पुन्हा काही फेऱ्या. या दुसऱ्या टप्प्यात बॅच नॉर्मलायझेशनचे (आकडे एका मापात आणणारे) थर गोठलेलेच ठेवा. नाहीतर एका वेळी थोडेच फोटो दिल्यामुळे (छोट्या बॅचमुळे) त्यांची सरासरी बिघडते आणि अचूकता अचानक कोसळते.

फोटो फिरवणं, उलटवणं, उजेड कमी-जास्त करणं चालेल. रंगछटा मात्र जपून बदला, कारण पिवळा की तपकिरी हेच तर रोगाचं लक्षण आहे.

इनपुटचं मोजमाप, म्हणजे पिक्सेलचे आकडे किती ते किती द्यायचे, कागदावर लिहून ठेवा. केरास या लायब्ररीमधल्या व्ही२ ला उणे १ ते १ लागतं. व्ही३ मध्ये ते रूपांतर आतच होतं आणि त्याला ० ते २५५ द्यायचं असतं. चुकीचं दिलं तरी एररचा संदेश येत नाही, फक्त बहुतेक फोटोंना एकच उत्तर मिळू लागतं.

मग टेन्सरफ्लो लाइटमध्ये, म्हणजे फोनवर मॉडेल चालवणाऱ्या साधनाच्या रूपात, रूपांतर. २०२४ पासून त्याचं नाव लाइटआरटी आहे. ३२ बिटांत सुमारे ९ एमबीची फाइल आठ बिटांत अडीच एमबीच्या आसपास येते. त्यासाठी नमुन्यादाखल २००-३०० फोटो द्यावे लागतात. ते सगळ्या वर्गांतले आणि शिकवताना वापरलेल्याच मोजमापातले असू द्या. रूपांतरानंतर अचूकता एक-दोन टक्क्यांहून जास्त घसरली तर पहिला संशय इथेच घ्या.

फोनवर

अँड्रॉइडवर कॅमेराएक्स या लायब्ररीचं इमेज ॲनालिसिस वापरा आणि फक्त ताजी फ्रेम (कॅमेऱ्यातून येणारं एकेक चित्र) ठेवण्याचा पर्याय निवडा. प्रत्येक फ्रेमचं काम झालं की ती बंद करायची. ते राहिलं तर पहिल्या उत्तरानंतर पुढच्या फ्रेम येणंच थांबतं. सेन्सरची फ्रेम बहुतेक फोनवर आडवी येते, तेव्हा तिच्यासोबत आलेल्या कोनाइतकी फिरवूनच मॉडेलला द्या. लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली नाही ना, हे तपासायला तोच फोटो संगणकावर आणि फोनवर चालवून आकडे ताडून बघा. मॉडेल मुख्य थ्रेडवर (पडदा हाताळणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालवू नका. जीपीयू (चित्रांसाठीचा प्रोसेसर) नेहमी वेगवान ठरतो असं नाही: एवढ्या लहान मॉडेलला साध्या फोनवर सीपीयूचे दोन-चार थ्रेड पुरतात आणि फोनही कमी तापतो.

उत्तर कसं दाखवायचं

मॉडेल चुकीचं उत्तरही ९५ टक्के खात्रीने देतं. चाचणीचे नाहीत असे थोडे फोटो वापरून टेंपरेचर स्केलिंग (खात्रीचे टक्के वास्तवाशी जुळवणं) करा, म्हणजे टक्के जरा खरे बोलू लागतात. त्यानंतरही ठरवलेल्या रेषेखाली खात्री असेल तर ‘नक्की सांगता येत नाही, पानाची खालची बाजू दाखवा’ असं सरळ लिहा. ही रेषा ७० की ८० हे मनाने ठरवू नका, चाचणीत नसलेल्या याच फोटोंवर पाहून ठरवा.

एका पानावर निकाल देणंही टाळा. आफ्रिकेत कसावा या कंदपिकासाठी वापरल्या जाणाऱ्या नुरू ॲपच्या २०२० मधल्या अभ्यासात अचूकता ६५ टक्के होती. एका झाडाची सहा पानं तपासल्यावर ती ७४ ते ८८ टक्क्यांवर गेली. चार-सहा पानांची सरासरी काढायला फोनला फारसा वेळ लागत नाही.

पडद्यावर नुसतं ‘करपा’ लिहू नका. कोणता करपा आणि ओळखायची खूण काय, हे त्याच ओळीत द्या. औषधाचं प्रमाण ॲपने सांगू नये असं आमचं ठाम मत आहे. शिफारशी बदलतात आणि फोनमध्ये उतरवलेली यादी जुनीच राहते. तिथे जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी बोलण्याचा सल्ला द्या. ‘उत्तर चुकलं’ असं एक बटण ठेवा, आणि शेतकऱ्याची परवानगी घेऊन, ठिकाणाची माहिती काढून टाकून, तो फोटो मॉडेलच्या आवृत्ती क्रमांकासह साठवा. पुढच्या वेळी शिकवायला सर्वांत उपयोगी फोटो तेच असतात.