रॉम टाकल्यावर फोन अडकला? या चुका टाळा

“काकू, फोन डेड झाला” म्हणत जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांचा फोन बहुतेक वेळा डेड नसतो. लोगो दिसतोय, हातात थरथरतोय, केबल लावली की कॉम्प्युटर टुण्ण करतोय, मग तो मेला कसा? नवीन रॉम, म्हणजे फोनची सगळी सिस्टिम, टाकल्यावर फोन अडकणं ही रोजची गोष्ट आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फोन खरा जातो तो अडकल्यानंतरच्या अर्ध्या तासात. तेव्हा हात शिवशिवत असतात आणि एकामागून एक व्हिडिओ बघून जो जे सांगेल ते दाबलं जातं.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? “काही नाही दिसत” हे उत्तर मी घेत नाही. लोगोवर थांबलाय, की लोगो येऊन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतोय, की स्क्रीन ठार काळी आहे? या तिन्ही गोष्टी वेगळ्या. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटन एकत्र दाबून फास्टबूट (कॉम्प्युटरवरून फोनवर फाइल चढवायचा मोड) येत असेल तर फोन जिवंत आहे, निवांत बसा. सॅमसंगमध्ये फास्टबूटऐवजी डाउनलोड मोड असतो, एवढाच फरक. स्क्रीन काळी आणि कॉम्प्युटरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्वालकॉम या चिप कंपनीच्या नावापुढे ९००८ असा आकडा दिसला, तर मात्र काम अवघड आहे. तिथे घरगुती उपाय करू नका.

आणि थांबा जरा. नवीन रॉम पहिल्यांदा सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. चौथ्या मिनिटाला पॉवर बटन दाबून धरणारे वीर मी पुष्कळ पाहिलेत. फोन चार्जिंगला लावा, कोपऱ्यावर जाऊन पोहे-जिलबी खाऊन या. परत आल्यावरही लोगोच फिरत असेल तर मग बोलू.

बूटलोडर पुन्हा लॉक करणे

ही चूक बघून माझं डोकं फिरतं, म्हणून हिच्यावर जास्त लिहिते.

बूटलोडर म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम; बाहेरचं रॉम टाकायला आधी तो अनलॉक करावा लागतो. अनलॉक केलेला फोन सुरू होताना उघड्या कुलपाचं चित्र किंवा इशारा दाखवतो. बँकेचं ॲपही कुरकुर करतं. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं, रॉम तर चाललंय मस्त, आता परत लॉक करून टाकू. लॉक असलेला बूटलोडर प्रत्येक वेळी सिस्टिमची सही तपासतो. कस्टम, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेल्या, रॉमवर कंपनीची सही नसते. सही जुळली नाही की फोन “डिव्हाइस करप्ट आहे” असं सांगून थांबतो. लॉक झाल्यामुळे फास्टबूटमधून काही चढवता येत नाही. पुन्हा अनलॉक करायचं तर ओईएम अनलॉकिंगचं बटन सेटिंग्जमध्ये, आणि सेटिंग्जपर्यंत फोन पोचतच नाही. किल्ली आत ठेवून दार लावून घ्यावं तसं.

लॉक करायचंच असेल तर आधी कंपनीचं पूर्ण मूळ रॉम टाका. तेही तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच देशाच्या आवृत्तीचं. ते सुरू होऊन नीट चालतंय याची खात्री झाली की मग लॉक. पिक्सेलसारख्या मोजक्या फोनांवर काही रॉम स्वतःच्या किल्लीसह लॉक करता येतात, पण ज्यांना ते जमतं त्यांना हा लेख वाचायची गरज नाही.

शाओमीच्या फोनांसाठी जे फ्लॅश टूल (कॉम्प्युटरवरून रॉम चढवायचं सॉफ्टवेअर) वापरतात, त्याच्या खिडकीत अगदी तळाशी तीन पर्याय असतात: सगळं पुसा, वापरकर्त्याचा डेटा ठेवा, आणि सगळं पुसून लॉक करा. टूल उघडताना तिसरा आधीच निवडलेला असतो. खाली बघायची सवय नसलेला माणूस ‘फ्लॅश’ दाबतो आणि नकळत लॉकही करून बसतो.

इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका ओळखीच्या मुलाचं असंच झालं. इंजिनिअरिंगला आहे, हुशार, फक्त घाई फार. जेल रोडवरून वडिलांसाठी सेकंडहँड फोन आणला होता. दिसायला नवा, किंमत कमी, आत मराठी कीबोर्डसकट सगळं छान. मूळचा तो चिनी बाजारासाठी बनलेला फोन होता, आणि अनलॉक करून त्यावर ग्लोबल, म्हणजे चीनबाहेरच्या देशांसाठीचं, रॉम चढवलेलं होतं. हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. थोड्या दिवसांनी फोन मंद वाटला म्हणून “एकदम फ्रेश करून देतो बाबा” म्हणत त्याने ग्लोबल रॉम पुन्हा फ्लॅश केलं. तळाच्या पट्टीकडे बघितलंच नाही. फोन सुरू झाला तो थेट रिकव्हरीत (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मेनूत), आणि वर लाल अक्षरांत ओळ: ही आवृत्ती या फोनवर चालवता येत नाही.

इथपर्यंतही ठीक होतं. पण पुढे त्याने बंद पडलेला फोन उठवण्याचा एक ‘अनब्रिक’ व्हिडिओ बघितला, दुसरा बघितला, कुठलंसं टूल उतरवून कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आणला, आणि मग “भिया, खोलके टेस्ट पॉइंट मारते हैं” म्हणणाऱ्या, म्हणजे फोन उघडून आतले बिंदू जोडू बघणाऱ्या, मित्राकडे निघाला. वाटेत आईने त्याला माझ्याकडे वळवलं.

मी फक्त रिकव्हरीची यादी वाचली. कॉम्प्युटरला जोडण्याचा पर्याय शाबूत होता. फोन मूळचा चिनी, म्हणून त्याच मॉडेलचं अधिकृत चिनी रॉम त्या वाटेने चढवलं आणि फोन उठला. पहिली स्क्रीन चिनी लिपीत. भाषा बदलायला गेलो तर इंग्रजी मिळाली, मराठी-हिंदीचा पत्ता नाही, प्ले स्टोअरही नाही. नातवाचे फोटो तर फ्लॅश करतानाच गेले होते. वडील चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “माझा साधा फोनच बरा होता की.” मुलगा गप्प. पुढे रीतसर अर्ज करून, वाट बघून, त्याने बूटलोडर पुन्हा अनलॉक केला तेव्हा कुठे मराठी परत आली.

माझी सवय सांगते. फ्लॅश टूल उघडलं की माझा हात आधी तळाच्या पट्टीकडे जातो, फाइल नंतर. रॉमचा फोल्डर मी सी ड्राइव्हवर छोट्या नावाने ठेवते, नावात मोकळी जागा नाही, कारण फाइलच्या पाथमध्ये मोकळी जागा आली की ते टूल एरर देतं. आणि सेकंडहँड फोन घेताना खोक्यावर रुपयांत एमआरपी छापलीय का तेवढं बघून घ्या. खोकंच नसेल तर मी तरी त्या फोनवर प्रयोग करणार नाही.

डेटा फॉर्मॅट न करणे

कंपनीच्या रॉमवरून कस्टम रॉमवर जाताना जुना डेटा जुन्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेला असतो. नव्या रॉमला तो उघडता येत नाही आणि फोन लोगोवर फिरत राहतो. टीडब्ल्यूआरपी या कस्टम रिकव्हरीत फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांची दिसली तर हेच कारण. “वाइप तर केलं होतं” असं उत्तर येतं. साध्या वाइपने एन्क्रिप्शन जात नाही. ‘फॉर्मॅट डेटा’ वेगळं असतं, तिथे ‘येस’ टाइप करावं लागतं. त्यात अंतर्गत मेमरीतले फोटो, गाणी, सगळं जातं. बूटलोडर अनलॉक करतानाही जातं. हे आधी सांगितलं तरी दर वेळी कुणीतरी नंतर विचारतंच, “फोटो परत येतील का?” नाही येत.

सगळ्या चौकटींवर टिकमार्क करणे

ही माझी दुसरी नावडती चूक. स्वच्छतेच्या नादात रिकव्हरीतल्या वाइपच्या यादीत जे दिसेल त्यावर खूण करायची आणि स्वाइप करायचं. किंवा एखादी स्क्रिप्ट चालवायची जी फोनचे सगळे भाग पुसते. सिस्टिम पुसली गेली तर परत टाकता येते. पण ईएफएस, पर्सिस्ट, मोडेमचे छोटे भाग यांत त्या एकट्या फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन असतं. ते कुठल्याच रॉममध्ये मिळत नाही. ते गेलं की नेटवर्क नाही, फिंगरप्रिंट चालत नाही, कंपास भलतीकडे.

म्हणून रिकव्हरी टाकल्यावर माझं पहिलं काम रॉम नसतं. ईएफएस आणि पर्सिस्टचा बॅकअप घेते, कॉम्प्युटरवर फोनच्या सांकेतिक नावाने ठेवते आणि एक प्रत स्वतःलाच मेल करते. फोनमध्येच ठेवलेला बॅकअप फॉर्मॅटबरोबर जातो, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

सिम दिसत नाही म्हणजे आयएमईआय गेलाच असं समजू नका. आधी *#०६# करून बघा. आकडे येत असतील तर बहुधा मोडेमचं फर्मवेअर जुळत नाहीये. रॉमच्या सूचनांत लिहिलेलं फर्मवेअर टाकलं की काम होतं. आकडे येत नसतील आणि तुमचा स्वतःचा बॅकअप असेल तर तो परत टाका. मित्राच्या फोनचा बॅकअप टाकू नका. दोन फोनांचा आयएमईआय एकच होईल. “दोनशे रुपयांत आयएमईआय लिहून देतो” असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये आयएमईआयशी छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. बॅकअप नसेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर हाच रस्ता.

नावावर जाणे

भारतातला रेडमी नोट ९ प्रो म्हणजे ‘कर्टाना’, बाहेरच्या देशांतला त्याच नावाचा फोन म्हणजे ‘जॉययूज’. खोक्यावरचं नाव बघून रॉम उतरवू नका. फास्टबूटमध्ये जोडून फोनलाच त्याचं सांकेतिक नाव विचारा.

जुन्या आवृत्तीवर परत जाणे

“जुनंच बरं होतं” म्हणून सरळ मागे जाऊ नका. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीला अडवणारी सोय, आली आणि जुनं रॉम फ्लॅश करणाऱ्या कितीतरी जणांचे फोन थेट ९००८ मध्ये गेले. फास्टबूटमध्ये अँटी-रोलबॅकचा आकडा आधी बघता येतो. बघा.

रूटनंतरचा बूटलूप

रूट म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार मिळवणं, आणि बूटलूप म्हणजे फोन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहणं. मॅजिस्क या रूटच्या ॲपसाठी पॅच केलेली (बदललेली) बूट फाइल फोनवर असलेल्या त्याच बिल्डची (आवृत्तीची) हवी. इंटरनेटवरून कुणाची तरी तयार फाइल घेऊ नका, वन-क्लिकवाल्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. अँड्रॉइड १३ घेऊन बाजारात आलेल्या फोनांवर बहुधा बूटऐवजी इनिट-बूट फाइल पॅच करावी लागते. अडकलात तर मूळ बूट फाइल परत फ्लॅश करा, फोन बहुतेक वेळा उठतो. मॅजिस्कचं मॉड्यूल (जोडायचा भाग) टाकल्यावर अडकला असेल तर सेफ मोडमध्ये सुरू करा, सगळी मॉड्यूल बंद होतात. एका रात्रीत आठ मॉड्यूल टाकून “कशामुळे झालं कळेना” म्हणणाऱ्यांना मी चहा देते, उत्तर देत नाही. एक टाका, रीस्टार्ट करा, मग दुसरं.

उगाच स्लॉट बदलणे

नव्या फोनांत सिस्टिमच्या ए आणि बी अशा दोन जागा असतात. दुसऱ्या जागेत फर्मवेअर जुनं किंवा रिकामं असू शकतं, तिकडे उडी मारलीत तर काळी स्क्रीन. लिनिएजओएस या कस्टम रॉमच्या सूचनांत काही फोनांसाठी दोन्ही जागा सारख्या करणारी एक झिप आधी टाकायला सांगतात, ती पायरी मुलं हमखास वगळतात.

बाकी किरकोळ

‘वेटिंग फॉर डिव्हाइस’वर अडकलं तर ड्रायव्हर बघा, मग केबल, मग कॉम्प्युटरचं यूएसबी २.० पोर्ट. रायझन प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवर यूएसबी ३ फास्टबूटला त्रास देतं, मध्ये जुना हब लावला की चालतं.

डाउनलोड झालेल्या फाइलचा चेकसम (फाइल पूर्ण आहे का ते सांगणारा आकडा) जुळवा. अर्धवट उतरलेली झिप फोनला दोष देण्यापूर्वी पकडता येते.

सॅमसंगवर ओडिन हे फ्लॅश टूल वापरताना डेटा ठेवायचा असेल तर होम सीएससी फाइल निवडा, साधी सीएससी फाइल सगळं पुसते. नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज बाहेरचं काही टाकल्यावर एकदा उडाला की मूळ रॉम टाकूनही परत येत नाही.

वीस टक्के बॅटरीवर फ्लॅश करू नका.

बँकेचं ॲप चालावं म्हणून रोज नवं मॉड्यूल शोधण्यात मला रस नाही. गूगलची तपासणी बदलत राहते आणि आज चाललेली युक्ती पुढच्या आठवड्यात बंद पडते. ज्या फोनवरून दूधवाल्याचे, भाजीवाल्याचे पैसे जातात तो फोन जसा आहे तसा राहू द्या. प्रयोगासाठी कपाटातला जुना फोन काढा. घरात एक असतोच.

आणि मदत मागायला याल तेव्हा फोनचं सांकेतिक नाव, आधी कुठलं रॉम होतं, कुठली फाइल टाकली आणि अडकलेल्या स्क्रीनचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो घेऊन या. मधल्या वेळात आणखी काही करून बघितलं असेल तर तेही सांगा, लपवू नका. मला ते पाच मिनिटांत कळतंच.