घरासाठी प्रखर विजेरी निवडताना

पावसाळ्याच्या रात्री वीज गेली की घरातील विजेरीकडून दोन निरनिराळ्या कामांची अपेक्षा असते: पडवीत उभे राहून फाटकापर्यंत झोत टाकणे आणि चालताना पायाखालची जमीन नीट दाखवणे. दुकानात बहुधा पहिलेच काम करून दाखवले जाते, कारण समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पडलेला झोत पाहून गिऱ्हाईक खूश होते. घरासाठी मात्र मी दुसऱ्या कामाला अधिक महत्त्व देतो. मण्यारीसारखा विषारी साप रात्रीच बाहेर पडतो आणि त्याच्यापासूनचा धोका पावलाजवळ असतो, दोनशे मीटरवर नव्हे.

म्हणूनच वेष्टनावरील लुमेन आणि कँडेला या दोन आकड्यांची गल्लत करू नये. लुमेनवरून विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश कळतो, तर कँडेलावरून झोताची एका दिशेतील तीव्रता कळते. झोताचे अंतर प्रमाणित पद्धतीने मोजलेले असेल, तर ते प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथपर्यंतचे असते. त्यामुळे २०० मीटर लिहिलेल्या विजेरीने शंभर मीटरपर्यंत बरे दिसेल, असे धरून चालावे.

नऊ वॉटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० लुमेन प्रकाश देतो. त्या मानाने ३०० ते ५०० लुमेन बराच वेळ देणारी, रुंद झोताची विजेरी घराला पुरते. १००० लुमेनची लहान विजेरी काही मिनिटांतच तापते आणि आपोआप मंद होते, म्हणून कमाल आकड्यापेक्षा मधल्या पातळीवर ती किती तास चालते ते पाहावे.

आकड्यांची सर्वाधिक फसवणूक सेलच्या बाबतीत होते. १८६५० या नावाचा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो आणि चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० मिलिअँपिअर-तास असते. त्यामुळे त्यावर ९९०० छापलेले आढळल्यास ती विजेरी सरळ परत ठेवावी. ३००० क्षमतेच्या सेलमध्ये सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणजे ३०० लुमेनचा प्रकाश साडेतीन तासांच्या आसपास मिळतो.

शिसे-आम्लाची बॅटरी असलेली विजेरी स्वस्त पडते, परंतु ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली तर कायमची निकामी होते. आमच्याकडे अशी एक विजेरी उन्हाळाभर फडताळात राहिली आणि पहिल्याच वादळी रात्री पेटली नाही. तेव्हापासून मी लिथियम सेल बदलता येणारी विजेरी घेतो आणि दर तीन महिन्यांनी तिचा चार्ज तपासतो.

अंगणात पावसात न्यायची असेल तर किमान आयपीएक्स४ हवे; पाण्यापासून विजेरी किती सुरक्षित आहे ते सांगणारी ही श्रेणी आहे. हातातून पाण्यात पडण्याची शक्यता असल्यास आयपीएक्स७, कारण त्यात एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी असते. निळसर पांढऱ्या प्रकाशात पालापाचोळ्याचे रंग फिके पडतात, तेव्हा ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचे माप) प्रकाश आणि ९० किंवा अधिक सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेली विजेरी मिळाल्यास थोडे पैसे जास्त द्यावेत. विकत घेण्यापूर्वी दुकानातील अंधाऱ्या कोपऱ्यात झोत पायांपुढे दोन मीटरवर टाकून पाहावा. मधला ठिपका डोळ्यांना दिपवत असेल आणि कडेचे काही दिसत नसेल, तर दुसरी मागावी.